तपकिरी ओळ

लिफ्टमध्ये आमचे मोठे साहेब, बापाक हार्तादी, मला म्हणाले, "इबू मुर्तिनी, तुमच्या तक्त्यात ती कोळशाची ओळ तपकिरी राहिलीय. चुकूनच राहिली असणार, नाही का? दुपारच्या बैठकीआधी तेवढी हिरवी करून टाका." आणि मी म्हणाले, "हो." झालं. आपल्या मजल्यावर ते उतरले, उतरताना मास्कच्या वर डोळे बारीक करून हसले, मान थोडी लववली, दार मिटलं. माझा मजला त्याच्याही वरचा. तो आला, दार उघडलं, पुन्हा मिटलं, आणि मी आपली भिंतीला पाठ लावून तशीच उभी. लिफ्ट मला घेऊन खाली गेली, थेट गाड्या लावतात तिथवर. तिथला पहारेकरी म्हणाला, "काय इबू, एवढ्या सकाळी घरी निघालात?" तेव्हा कुठे मला कळलं की आपण उतरायचंच विसरलो. पन्नाशी उलटलेली बाई, अंगात शुक्रवारी घालायचं नक्षीचं बातिक, गळ्यात ओळखपत्र, आणि एका अक्षरापायी ही अशी वरखाली. मी त्याला म्हटलं, "पाऊस येतोय का बघायला आले होते." तळघरात! तो बिचारा "नाही इबू, ऊन आहे" म्हणाला. तोही जावा बेटाचाच. समोरच्याचा वेडेपणा पोटात घालायचा, ही आमची रीत.

मला राग आला होता. हार्तादींचा नाही, त्यांचा पुढे आला. आधी आला माझ्याच जिभेचा. म्हणजे बघा, रोगाच्या साथीनं देश खाली बसवला. हॉटेलं ओस पडली, कारखान्यांना कुलपं लागली, माणसं गावाकडे गेली. मग सरकारनं तिजोरी उघडली, देश पुन्हा उभा करायचा म्हणून. पैसा कशाकशाला द्यायचा त्याची यादी झाली आणि आमच्या विभागाकडे काम आलं ते रंग द्यायचं. ज्या खर्चानं धूर कमी होईल तो हिरवा, ज्यानं वाढेल तो तपकिरी, ना इकडचा ना तिकडचा तो करडा. लहान मुलांचं काम वाटतं ना? माझ्या नवऱ्यालाही वाटतं. "आज काय रंगवलंस गं?" असं विचारतो रोज जेवताना, आणि स्वतःच हसतो. पण त्या रंगांवर माणसांची पोटं आहेत. यादीत हिरव्याचा ठरावीक वाटा असलाच पाहिजे, असं आम्ही चारचौघांत, म्हणजे साऱ्या जगासमोर, कबूल करून बसलोय. तो वाटा भरत नव्हता. रेल्वे होती, छपरावरची सौरवीज होती, आणि होती तिवरं. किनाऱ्यावर तिवराची रोपं लावायची आणि लावणाऱ्यांना रोजची मजुरी द्यायची. साथीत ज्यांचं काम गेलं त्या हजारो बायाबापड्यांची चूल त्या मजुरीवर पेटत होती. कात्री घेऊन बसलेली माणसं तिवरांकडे कधीची बघत होती, पण हिरवा वाटा कमी पडतोय म्हणून त्यांचा हात अडला होता. आणि आता ही कोळशाची ओळ. किनाऱ्यावरच्या कोळशाच्या वीजकेंद्रांना सवलत. आधी नाव सरळ होतं. मग धुराड्याला एक जाळी बसवणार म्हणून त्या ओळीचं नाव झालं 'स्वच्छ ऊर्जेकडे वाटचाल'. जाळीनं राख अडते, धूर थोडाच अडतो? कोळसा तेवढाच जळणार, सवलत मिळाली म्हणून चार टोपल्या जास्तच जळणार. गाढवाला न्हाऊ घातलं म्हणून त्याचा घोडा होत नाही. मी ती ओळ तपकिरी केली होती. पण ती एकदा हिरवी झाली की वाटा एका फटक्यात भरला, आणि तिवरं गेलीच म्हणून समजा. एवढं सगळं मला ठाऊक, आणि तरी तोंडातून निघालं काय, तर हो.

जागेवर येऊन बसले तर फोनवर धाकट्या भावाचा, वार्दोयोचा, आवाजी निरोप आलेला. आमचं गाव उत्तर किनाऱ्यावर. तिथे समुद्र घरात येतो. घरात म्हणजे अगदी चुलीपर्यंत. दर दोन-तीन वर्षांनी लोक भर घालून घराची जमीन उंच करतात. छप्पर उंच करायला पैसा लागतो, म्हणून ते तिथेच राहतं. जमीन वर येत गेली तशी घरातली माणसं वाकत गेली. वार्दोयो घरात कमरेत वाकूनच चालतो, आणि बाहेर आला तरी ताठ व्हायचं त्याच्या लक्षात राहत नाही, मी दर ईदला ओरडते त्याच्यावर. त्याची मासळीची तळी कधीच बुडाली. आता तो तिवर लावणाऱ्यांच्या टोळीचा मुकादम आहे, टोळीत बहुतेक बायकाच. निरोपात वारा होता, कुणाचं तरी पोर रडत होतं, आणि मध्ये त्याचा आवाज: "म्बाक, ताई गं, बायका विचारतायत, पुढच्या वर्षी काम आहे ना? रोपांची मागणी नोंदवायची तर आत्ताच ठरवायला हवं. तू तिथे बसलीयस, तुला ठाऊक असणार. सांगायचं नसेल तर नको सांगूस हं. पण आहे ना?" मी तो निरोप पुन्हा ऐकला.  मग एक घाणेरडा विचार आला, की बाई गं, तू ती ओळ तपकिरी केलीस ती धुरासाठी की भावासाठी? खरं सांगते, त्या विचारानं मला बराच वेळ छळलं. मी स्वतःचीच उलटतपासणी घेतली. माहेर डोंगरावर असतं तर कोळसा हिरवा केला असता का? नसता. ते समजलं तेव्हा जरा बरं वाटलं, पण फार नाही, कारण प्रश्न रंगाचा उरलाच नव्हता. रंग मला माहीत होता. प्रश्न तोंडाचा होता.

पडद्यावर तक्ता उघडला. ती ओळ तिथेच, चिखलाच्या रंगाची. बाजूला रंगांच्या चौकटी. एकदा बोट दाबलं की काम झालं. हार्तादी पुढच्या महिन्यात माझ्या बढतीवर सही करणार होते, तेही मध्येच आठवून गेलं, खोटं कशाला बोलू. बोट तसंच ठेवून मी बसले आणि मला, का कोण जाणे, आईचा चहा आठवला. मी विशीत असताना शेजारच्या तालुक्यातल्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडून मला मागणी आली. मोठी माणसं, बरोबर फळांच्या टोपल्या. आईनं त्यांना बसवलं, हसून विचारपूस केली, आणि चहा आणला. बिनसाखरेचा. आमच्याकडे पाहुण्याला चहा म्हणजे जीभ चिकटेल इतका गोड. मुलाच्या आईनं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, पावसापाण्याच्या चार गोष्टी केल्या आणि म्हणाली, "फारच छान आदरातिथ्य झालं, येतो आम्ही." संपलं. कुणी कुणाचा अपमान केला नाही, कुणी 'नाही' म्हटलं नाही, आणि सगळ्या गावाला कळलं की नाही म्हटलंय. मला तेव्हा आईचा काय अभिमान वाटला होता! किती मऊ हात, आणि किती घट्ट दार. मी त्याच हातांत वाढले. नकार चहातून द्यायचा, उशिरा येण्यातून द्यायचा, ताटात उरलेल्या घासातून द्यायचा, पण तोंडातून नाही. तोंडातून नकार देतो तो अडाणी. अशा माणसाला आमच्याकडे म्हणतात, हा अजून माणसात आलेला नाही. मी बोट उचललं. ओळ तपकिरीच ठेवली आणि संगणक बंद केला. पण हे काही शौर्य नव्हे. हा बिनसाखरेचा चहाच होता. हार्तादींनी घोट घेऊन समजून घ्यावं, अशी मी वाट बघत होते.

दुपारी पुरुषमंडळी जुम्म्याच्या नमाजाला गेली, इमारत निम्मी रिकामी झाली. मी आणि तिउर्मा मागच्या गल्लीत गादो-गादो, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या, खायला बसलो. तिउर्मा सुमात्राची, बाताक जमातीची. बाताक माणूस कानात बोलला तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जातं. ती आमच्या बैठकांची टिपणं घेते, मागच्या खुर्चीत बसते, तिला बोलायचा अधिकार नाही, आणि हीच तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शिक्षा. मी तिला लिफ्टमधलं सांगितलं. तिनं शेंगदाण्याच्या चटणीत बुडवलेला काकडीचा तुकडा हवेतच धरला.

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"तो हो तसला नव्हता गं."

"मग कसला होता? हो म्हणजे हो. तुम्ही जावाचे लोक ना, घराला आग लागली तरी म्हणाल, 'आज जरा उबदार वाटतंय, नाही का?'"

"हळू बोल."

"का हळू? सगळे नमाजाला गेलेत. म्बाक, मी विचारते ते सांगा. ती ओळ हिरवी आहे?"

"नाही."

"बघा! म्हणता येतं की. आता हेच तिथे म्हणायचं."

"तिथे म्हणावं लागणार नाही. मी बदललेली नाही ओळ. त्यांना समजेल."

 ती केरुपुक पापडाचा एक भलामोठा तुकडा कडाकडा चावत म्हणाली, "समजेल. पण समजून घ्यायचंच नसेल तर?" मी दुकानदारीणबाईंकडे आणखी तिखट मागितलं आणि विषय तिथेच बुडवला. तिउर्माचं ते वाक्य मात्र तिखटासारखं टाळूला चिकटून राहिलं.

कारण समजून न घेणाऱ्यांमुळे काय होतं, ते मी पाहिलंय. माझे वडील शाळामास्तर. मी जाकार्तात नोकरीला लागले त्याच सुमारास आमच्या किनाऱ्यावर ते वीजकेंद्र यायचं ठरलं. गावाची सभा भरली. शहरातून साहेब आले, गोड बोलले, नकाशे दाखवले, आणि शेवटी विचारलं, "कुणाची हरकत?" सगळं गाव गप्प. साहेबांनी जरा थांबून पुन्हा विचारलं. सगळं गाव गप्प. मग त्यांनी लाकडी हातोडी तीनदा आपटली आणि कागदावर लिहिलं, गावाचं एकमत आहे. वडील घरी आले ते खुशीत. आईला म्हणाले, "गावानं साफ नकार दिला. असला नकार मी जन्मात पाहिला नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही!" महिन्याभरानं मापं घेणारी माणसं आली, कुंपण पडलं, तिवरं तुटली, कारण कोळशाच्या होड्यांना वाट हवी होती. आणि तिवरं गेली तशी मागोमाग समुद्र आत यायला लागला. वडील कुंपणाशी उभे राहायचे. मी सुट्टीत गेले तेव्हा मला म्हणाले, "मुर, मी किती जोरात गप्प बसलो होतो. त्यांना ऐकू यायला नको?" मी हसले होते तेव्हा. आज त्या गल्लीत, मिरचीनं डोळे भरून आलेले असताना, मला त्या माणसाची इतकी माया आली की मी उठून सरळ चालायलाच लागले. तिउर्मानं माझे पैसे दिले आणि मागून ओरडली, "म्बाक, मास्क!"

बैठकीच्या खोलीत लांबलचक टेबल, दोन माणसांमध्ये प्लास्टिकचा उभा पडदा, प्रत्येकापुढे खाऊचा डबा आणि झाकणाचा चहाचा पेला. डब्यात काय असतं ते सगळ्यांना पाठ: एक गोड, एक तिखट, मूठभर शेंगदाणे. हार्तादींनी चहा घेतला की आम्ही घ्यायचा. त्यांनी घेतला. बोलायला सुरुवात केली, किती मऊ आवाज आहे त्यांचा, सोलो शहराचा, तिथल्या राजवाड्याच्या सावलीतला. समोरच्या मोठ्या पडद्यावर तक्ता आला. मी ओळ शोधली. ती हिरवी होती. माझा हात लागला नव्हता, तरी हिरवी. म्हणजे बिनसाखरेचा चहा त्यांनी चाखला होता, समजूनही घेतला होता, आणि दुसऱ्या कुणाकडून साखर घालून घेतली होती.   आणि गंमत म्हणजे मला एकदम सगळं लख्ख दिसायला लागलं. समोर तिजोरी खात्याचे बापाक कास्मिजान, निवृत्तीला आलेले, बैठकीत त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. ते पडद्याकडे न बघता स्वतःच्या नखांकडे बघत होते. त्यांच्या शेजारी रेल्वेवाल्या बाई, त्या खिडकीकडे. पलीकडे वीज खात्याचे तरुण साहेब, ते मात्र तक्त्याकडे, डोळे भरून. हार्तादी म्हणाले, "बाकी तक्ता आपण पाहिलेलाच आहे. स्वच्छ ऊर्जेच्या ओळीमुळे आपला हिरवा वाटा पूर्ण होतो ही आनंदाची गोष्ट आहे. तिवराच्या मजुरीचा भार आता उचलायची गरज नाही. कुणाची हरकत?"

खोली गप्प. आणि त्या गप्पपणात मी बसले होते, आणि मला ऐकू येत होतं. मी शपथेवर सांगते, ऐकू येत होतं. टेबलावर चहाचे पेले रांगेनं तसेच, झाकणंसुद्धा उचललेली नाहीत. हार्तादींचा पिऊन झाला तरी कुणी शिवलं नव्हतं. डबे बंद. एअर कंडिशनरची घरघर, आणि त्याखाली ही सगळी माणसं जीव तोडून गप्प बसलेली. इतकी वर्षं मी अशा खोल्यांत बसले, आणि मला वाटायचं मी एकटीच आहे. एकटी? अगं बाई, इथे तर अख्खी सभा नाही म्हणत होती!

"तर मग सगळ्यांचं एकमत आहे असं समजतो," हार्तादी म्हणाले आणि हातोडी उचलली. पहिला ठोका पडला. दुसरा पडला. तिसऱ्यासाठी हात वर गेला, आणि कुणीतरी म्हणालं, "बापाक, थांबा. माझी हरकत आहे." आवाज जरा फाटका होता. माझाच होता.

हात वरच राहिला. मागे तिउर्माच्या हातातलं पेन खाली पडलं, गडगडत कुठेतरी गेलं. हार्तादींनी हातोडी हळूच खाली ठेवली, अजिबात आवाज न करता.

"इबू मुर्तिनी, सकाळी आपलं बोलणं झालं होतं. आपण हो म्हणालात, असं मला आठवतं."

"म्हणाले, बापाक. चूक झाली. आता नाही म्हणते. ती ओळ तपकिरी आहे. मी तपकिरी केली होती, ती हिरवी कुणी केली मला माहीत नाही, आणि विचारतही नाही. पण त्या खर्चानं धूर वाढतो, कमी होत नाही."

"जाळी बसवतोय ना आम्ही," वीज खात्याचे साहेब म्हणाले.

"जाळीनं राख अडते."

हार्तादींचा आवाज आणखी मऊ झाला. त्यांचा आवाज मऊ झाला की माणसांच्या बदल्या होतात. "इबू, आपलं माहेर त्याच किनाऱ्यावरचं, नाही का? भाऊ वगैरे तिथेच असतात. भावना समजू शकतो मी."

सकाळी हेच मी स्वतःला विचारून घेतलं होतं म्हणून वाचले, नाहीतर तिथेच वितळले असते. "हो, आहे माहेर. भाऊ तिवरंच लावतो. सगळ्यांनी लिहून घ्या. किनाऱ्यावर अर्धा देश राहतो, बापाक, कुणाचं ना कुणाचं माहेर तिथे असायचंच. पण रंग माहेर बघून लागत नाही, धूर बघून लागतो."

"ठीक आहे. एका सभासदाची हरकत आपण टिपणात नोंदवू. बाकी सगळे शांत आहेत, तेव्हा..."

आणि मग मला जो राग यायचा होता तो आला. इतका स्वच्छ राग मला आयुष्यात आला नव्हता. मी उभी राहिले. बैठकीत आमच्याकडे कुणी उभं राहत नाही. "बापाक, आपण सोलोचे. मी किनाऱ्यावरची, जरा रांगडी, पण जावाचीच. ही शांतता कसली आहे ते आपल्याला माझ्याहून चांगलं कळतं. तो चहा बघा. कुणी शिवलेलं नाही. डबे बघा. आपल्या घरी पाहुणे असे बसले असते, तर आपण काय समजला असता? खरं सांगा. एकमत आहे असं समजला असता?"

हार्तादींनी चहाच्या पेल्यांकडे पाहिलं. एकेका पेल्याकडे, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटतं, त्या वेळी त्यांनाही त्यांची आई आठवली असेल, कुणास ठाऊक.  मग एक खाकरणं ऐकू आलं. बापाक कास्मिजान.

"माझीही हरकत आहे," ते नखांकडे बघतच म्हणाले. "केव्हापासूनची आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. रेल्वेवाल्या बाईंनी मास्क खाली ओढला, "माझीही! तक्ता लागल्यापासून माझ्या पोटात दुखतंय." त्यांच्या पलीकडून आणखी एक, मग टेबलाच्या टोकाकडून दोघं एकदम. मी उभीच होते, टेबलाची कड घट्ट धरून, आणि एकेक आवाज येत होता, घोगरा, बारीक, कुणाचा चाचरत, कधी न वापरलेले सगळे आवाज. सणाला आतली मोठी भांडी बाहेर काढावीत, तसे. मला हसू यायला लागलं आणि आवरेना. मास्क होता म्हणून निभावलं.

वीज खात्याचे साहेब तेवढे लालबुंद झाले. "मग आमच्या खात्यानं तोंड कुठे दाखवायचं?" ते म्हणाले, आणि मला त्यांची दया आली, पोरगेलाच होता तो. मी म्हटलं, "जाळीचा खर्च वेगळा काढा. राख अडते, त्यानं गावातल्या पोरांचे खोकले कमी होतील, ते खरंच आहे. ती ओळ मी स्वतः करडी लावते. पण जाळीच्या आडून कोळसा आत सोडू नका. तो तपकिरी. आणि तिवरं जिथे आहेत तिथे." तो गप्प बसला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो गप्पच. आणि तेव्हा हार्तादी, सोलोचे हार्तादी, घसा साफ करून म्हणाले, "नुसते बसू नका. तोंडानं सांगा. आज सगळ्यांनी तोंडानं सांगायचं."

"चालेल," तो म्हणाला.

मग त्यांनी खरंच एकेकाला विचारलं. नाव घेऊन. आमच्या त्या खोलीत हे कधी झालं नव्हतं. प्रत्येकानं आपल्या तोंडानं सांगितलं, तपकिरी, तपकिरी, तपकिरी, आणि मागे तिउर्मा प्रत्येकाचं नाव मोठ्यानं उच्चारत लिहून घेत होती, तिला कुणी गप्प बस म्हटलं नाही. शेवटी हार्तादींनी मला विचारलं. "इबू मुर्तिनी?" मी म्हटलं, "तपकिरी, बापाक." त्यांनी हातोडी उचलली आणि तीन ठोके घातले, सगळे पूर्ण. मग खाली बघत म्हणाले, "चहा गार झाला. दुसरा मागवा." माझी बढती गेली हे मला त्या आवाजावरून समजलं, आणि माझ्यावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. दुसरा चहा आला. अति गोड. मी दोन पेले प्याले.

बाहेरच्या रुंद जिन्यावर सगळे उभे होते, उगीचच, कुणाला जागेवर जायचं नव्हतं. कास्मिजान कुणाला तरी हातवारे करून काही सांगत होते. मी तिथेच वार्दोयोला फोन लावला. ओहोटी होती, म्हणजे ते सगळे चिखलात असणार. तिकडून वारा, पाण्याचा चुबुकचुबुक आवाज.

"म्बाक? अगं, नंतर केला असतास तरी..."

"काम आहे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी काम आहे. तिवरं राहिली. आत्ता ठोका पडला."

 मग तो कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आलं, आणि मग जो गलका उठला! गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या त्या बायका, काय ओरडत होत्या, काय हसत होत्या, कुणी भांडं बडवलं, कुणीतरी धपकन पडली आणि त्यावर आणखी हसल्या. मी फोनचा आवाज मोठा केला आणि हात वर धरला. जिन्यावरचे सगळे साहेब वळून बघायला लागले. रेल्वेवाल्या बाई धावत जवळ आल्या. मग फोनवर एक चिरका, दमदार आवाज आला, म्हातारीचा असावा, तिनं बहुतेक वार्दोयोच्या हातातून फोन हिसकावला होता.

"कोण गं तू? साहेबांची बाई का? अगं, ठोके कसले वाजवत बसलात? भरती यायच्या आत रोपं लावायची असतात आम्हाला. आम्ही बाराही महिने चिखलात उतरू, तुम्ही रोपं पाठवा. पाठवताय का? बोल की तोंडानं!"

जिना सगळा खदखदून हसत होता, कास्मिजान डोळे पुसत होते. मी दोन्ही हातांनी फोन तोंडाशी धरला आणि आवाज माझ्या गावापर्यंत तसाच पोचेल इतक्या जोरानं ओरडले, "पाठवते!"